नॉर्थरिजवर पडताळणी, किल्लारीसाठी तयारी: भूकंपाच्या धक्क्याच्या सिम्युलेशनच्या प्रकल्प नोंदी (सोलापूर)

काम असे: सोलापूर परिसरातील चार-पाच मजली आरसीसी इमारती आणि उंच जलकुंभ यांच्या विश्लेषणासाठी किल्लारीसारख्या भूकंपाचे कृत्रिम ॲक्सेलरोग्राम (जमिनीच्या त्वरणाच्या नोंदी) तयार करायचे. त्याआधी ज्या पद्धतीने ते तयार करणार, ती खऱ्या रेकॉर्डवर तपासायची. पद्धत स्टोकॅस्टिक फायनाइट-फॉल्ट (प्रस्तरभंगाचे, म्हणजे फॉल्टचे, लहान तुकडे करून प्रत्येकाच्या यादृच्छिक लहरींची बेरीज), प्रोग्राम एक्सिम. मोजपट्टी म्हणून कॅलिफोर्नियातल्या एससीईसी या भूकंप-संशोधन केंद्राचा ब्रॉडबँड प्लॅटफॉर्म, म्हणजे अशी सिम्युलेशन चालवून खऱ्या रेकॉर्डशी ताडणारी प्रणाली. मशीन १६ कोअर, ३२ जीबी रॅम. कोणी हेच करायला घेणार असेल तर खालच्या चुका त्यांना पुन्हा कराव्या लागू नयेत म्हणून नोंदी सविस्तर ठेवल्या आहेत.

६ जानेवारी

पहिला प्रश्न, पडताळणी कशावर करायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा (परिमाण एमडब्ल्यू ६.२) केंद्राजवळचा मुख्य धक्क्याचा एकही स्ट्राँग-मोशन रेकॉर्ड नाही. हा भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात खालच्या झोन १ मध्ये होता, तिथे उपकरण कोण बसवणार. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा रेकॉर्ड आहे, पण एकच आणि तोही धरणाच्या आत बसवलेल्या उपकरणावरचा. एका रेकॉर्डवर पद्धत पास किंवा नापास ठरत नाही.

म्हणून ठरले: १७ जानेवारी १९९४ चा कॅलिफोर्नियातला नॉर्थरिज भूकंप घ्यायचा. तोही किल्लारीसारखाच उलट प्रकारच्या (रिव्हर्स, वरचा खडक खालच्यावर चढतो अशा) प्रस्तरभंगावरचा, फॉल्टची दिशा १२२ अंश, उतार ४० अंश, आणि आजूबाजूला भरपूर रेकॉर्ड. तिथे पद्धत आणि आमची स्वतःची स्क्रिप्ट दोन्ही तपासायच्या, मगच किल्लारीला हात लावायचा. कॅलिफोर्नियाचे आकडे दख्खनला चालणार नाहीत हे माहीत आहे. आत्ता आकडे उचलायचे नाहीत, हत्यार तपासायचे आहे.

९ ते ११ जानेवारी

प्लॅटफॉर्म डॉकरमधून (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, देणारी सोय) बसवला. सोर्सवरून बांधायचा तर सी आणि फोरट्रानचे कंपायलर, एफएफटीडब्ल्यू, पायथनच्या लायब्ररी या सगळ्यांच्या आवृत्त्या जुळवाव्या लागतात. त्यात दीड दिवस घालवून मग डॉकरकडे वळलो. पहिल्यांदाच डॉकर घ्या.

पण डॉकरमध्येही एक दिवस गेला. कंटेनर 'बंद झाल्यावर पुसून टाक' या पर्यायाने चालू केला होता आणि निकालाचा फोल्डर बाहेरच्या डिस्कला जोडला नव्हता. रात्रभर चाललेला रन सकाळी कंटेनरसोबत गेला. आउटपुटचा फोल्डर बाहेर जोडल्याशिवाय रन सुरू करू नका. वेलॉसिटी मॉडेलची (जमिनीखालच्या थरांत लहरींचा वेग किती, त्याची) पॅकेजेस प्रत्येकी काही जीबीची असतात, म्हणून १ टीबीची बाहेरची एसएसडी घेतली. खर्च ६,८०० रुपये.

१३ ते १७ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेमुळे सुट्टी, मशीन चालू ठेवले. प्लॅटफॉर्ममध्ये नॉर्थरिजचे तयार व्हॅलिडेशन पॅकेज आहे, तेच जसेच्या तसे चालवले. स्वतःचे काहीही बदलायच्या आधी तयार उदाहरणाचे उत्तर आपल्या मशीनवर तसेच येते का, हे बघणे आवश्यक. आले. पुढे कुठे गडबड झाली तर ती आमच्या फाइलमध्ये शोधायची, प्रोग्राममध्ये नाही, एवढी खात्री या पाच दिवसांत मिळाली.

फरक मोजायची रीत: प्रत्येक पिरियडला (इमारतीच्या एका झोक्याचा वेळ) स्पेक्ट्रल त्वरण, म्हणजे तेवढ्या पिरियडच्या इमारतीला बसणारा कमाल धक्का, रेकॉर्डचा भागिले सिम्युलेशनचा, त्याचा नैसर्गिक लॉग. उत्तर धन आले तर सिम्युलेशन कमी पडते, ऋण आले तर जास्त देते. सरासरी ०.३५ च्या आत असेल तर चांगले (म्हणजे फरक १.४२ पटीच्या आत), ०.६९ म्हणजे सरळ दुप्पट, त्यापलीकडे नापास. आम्हीही याच रेषा धरल्या.

२१ जानेवारी

आता आमची स्क्रिप्ट आणि आम्ही निवडलेली स्टेशने: चाळीस, निम्मी ४० किमीच्या आत, निम्मी पलीकडे. पहिल्या रनमध्ये सगळीकडे फरक उणे सहा-सात. हजारपट चूक ही भौतिकशास्त्राची नसते, एककाची असते. रेकॉर्डच्या फाइल 'जी' मध्ये (गुरुत्वीय त्वरणाच्या पटीत), सिम्युलेशन सेमी प्रति सेकंद वर्गात. ९८०.६६५ ने गुणले. ९८०.६६५ चा लॉग ६.८९ येतो, म्हणून असा आकडा दिसला की आधी एककच बघा.

दुसरी चूक जास्त धोक्याची. प्लॅटफॉर्मच्या स्टेशन-यादीत आधी रेखांश, मग अक्षांश लिहायचा असतो. आपल्याला उलट सवय. नॉर्थरिजला चूक लगेच कळते, कारण उणे ११८ हा अक्षांश असूच शकत नाही. महाराष्ट्रात मात्र कळत नाही. किल्लारी १८.०५ उत्तर, ७६.५८ पूर्व, सोलापूर १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व. दोन्ही आकडे अक्षांश म्हणूनही चालतात, रेखांश म्हणूनही. आमच्या स्क्रिप्टने दोन्ही ठिकाणे उलटी वाचली आणि मुकाट्याने अंतर काढून दिले: ८३ किमीच्या जागी ७५-७६ किमी. दोन्ही जागा स्वालबार्डजवळ गेल्या होत्या, तरी अंतर विश्वास बसेल असेच होते, कारण तितक्या उत्तरेला रेखांशाचा एक अंश २६-२७ किमीचाच उरतो. आता स्क्रिप्टमध्ये पहिलीच ओळ अशी आहे की अक्षांश ८ ते ३७ च्या बाहेर असेल तर रन थांबवायचा. नॉर्थरिजही याच पट्टीत बसते, त्यामुळे एकच तपासणी दोन्हीकडे चालली.

२७ जानेवारी

एक्सिम एकच आडवा घटक देते. आम्ही तोच उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन्ही जागी भरला होता. रॉटडी५०, म्हणजे सगळ्या दिशांना फिरवून मिळणाऱ्या स्पेक्ट्रल मूल्यांचा मध्यक, बरोबर आला. योगायोग वाटेल, पण तो गणिताचाच परिणाम आहे: दोन सारखे घटक फिरवले की मूळ घटक गुणिले वर्गमूळ दोन गुणिले कोनाची कोसाइन मिळते, आणि कोसाइनच्या निरपेक्ष मूल्याचा मध्यक ०.७०७. गुणाकार अचूक १.

गडबड दिसली ती रॉटडी१०० मध्ये, म्हणजे त्याच मूल्यांतल्या सर्वांत मोठ्या मूल्यात. त्याचे रॉटडी५० शी गुणोत्तर प्रत्येक स्टेशनला, प्रत्येक पिरियडला १.४१. खऱ्या रेकॉर्डमध्ये हे गुणोत्तर सरासरी साधारण १.२ ते १.३ असते आणि पिरियडनुसार हलते. सपाट १.४१ म्हणजे जमीन एकाच सरळ रेषेत हलते आहे. इमारतीला दोन्ही दिशांनी एकदम भार देणार असाल तर अशी फाइल वापरणे चूक आहे. दोन वेगळे सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) देऊन दोन स्वतंत्र घटक काढले. तेही पूर्ण खरे नाही, खऱ्या दोन घटकांत काहीसा संबंध असतो, पण सरळ रेषेपेक्षा कितीतरी बरे. ज्या आलेखात सगळे ठीक दिसते तोच बघत बसलो असतो तर ही चूक शेवटपर्यंत कळली नसती.

३ ते १२ फेब्रुवारी

या दहा दिवसांची नोंद लांब आहे, कारण सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची चूक इथे झाली.

पहिल्या पूर्ण रनमध्ये लहान पिरियडला (०.१ ते ०.५ सेकंद) सरासरी फरक धन आला, सिम्युलेशन थोडे कमी. स्ट्रेस ड्रॉप (फॉल्ट सरकताना खडकातला ताण किती उतरतो) ५० बार होता, तो ६५ केला. उच्च फ्रिक्वेन्सीची पातळी स्ट्रेस ड्रॉपच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, म्हणजे १.३ चा तो घात, १.१९ पट. लॉगमध्ये ०.१७. सरासरी फरक ०.०२ वर आला. ०.३५ च्या रेषेच्या खूप आत. वहीत 'पास' असे लिहूनही टाकले.

दुसऱ्या दिवशी हेच फरक अंतराप्रमाणे मांडले. २५ किमीच्या आतल्या स्टेशनांवर सरासरी उणे ०.१७, ८० किमीच्या आसपास अधिक ०.१७. जवळ जास्त, लांब कमी, आणि बेरीज शून्य. दोन्ही टोके ०.३५ च्या आत असल्याने कुठलीही ठरलेली कसोटी हे पकडत नाही. पकडला तो तिरका कल.

कारण सापडायला चार दिवस लागले. भौमितिक क्षय, म्हणजे अंतराने लहरीचा आयाम कसा उतरतो, ते आम्ही सगळ्या अंतराला एकाच उताराने दिले होते: अंतराच्या व्यस्त प्रमाणात. कॅलिफोर्नियासाठी जे मॉडेल आम्ही वापरत होतो त्यात ४० किमीपर्यंत हा उतार, पुढे अंतराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात, आणि सोबत क्यू (खडक लहरीची ऊर्जा किती कमी शोषतो त्याचे माप) = १८० गुणिले फ्रिक्वेन्सीचा ०.४५ घात. पॅरामीटर फाइलमधला दुसऱ्या तुकड्याचा आकडाच भरायचा राहिला होता. ८० किमीला त्यामुळे आयाम ०.७०७ पट होतो, लॉगमध्ये उणे ०.३५. त्यातला निम्मा तोटा आम्ही स्ट्रेस ड्रॉप वाढवून झाकला होता.

दुसरा तुकडा भरला, स्ट्रेस ड्रॉप परत ५० वर आणला, कल गेला.

हे सोलापूरसाठी नुसते पुस्तकी नाही. किल्लारी आपल्यापासून ८३ किमीवर. चुकीच्या क्षयाने आणि फुगवलेल्या स्ट्रेस ड्रॉपने किल्लारी गावाजवळचे आकडे वाढले असते, सोलापूरचे घटले असते, आणि अहवालात मात्र सरासरी फरक ०.०२ छापला गेला असता. तेव्हापासून नियम केला: सरासरी शून्यावर आणण्यासाठी कुठलाही आकडा फिरवायचा नाही. आधी फरक अंतराप्रमाणे, व्हीएस३० प्रमाणे (वरच्या ३० मीटर जमिनीतला कातर लहरींचा सरासरी वेग) आणि पिरियडप्रमाणे असे तीन आलेख काढायचे. तिन्ही सपाट असतील तरच स्ट्रेस ड्रॉपला हात.

१८ फेब्रुवारी

१० हर्ट्झच्या वर सिम्युलेशन पडते. स्पेक्ट्रल त्वरणाच्या आलेखात हे फारसे दिसत नव्हते, कारण अगदी लहान पिरियडला तो आलेख शिखर-त्वरणाकडे जातो आणि शिखर-त्वरण बरेचसे खालच्या फ्रिक्वेन्सीवर ठरते. फूरिये स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती आयाम) काढला तेव्हा स्वच्छ दिसले. एफमॅक्स (ज्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी कापल्या जातात) १५ हर्ट्झ आणि कॅपा (वरच्या खडकात उच्च फ्रिक्वेन्सी किती झपाट्याने विरते) ०.०३५ सेकंद, दोन्ही गाळण्या एकदम चालू होत्या. एकच ठेवायची असते. एफमॅक्स १०० वर नेऊन निष्प्रभ केला, कॅपा ठेवला.

कॅपा किती नाजूक आहे त्याचा अंदाज यावा म्हणून: ०.०३५ ऐवजी ०.०५० घेतला तर १० हर्ट्झला आयाम ०.६२ पट होतो. स्ट्रेस ड्रॉप दुप्पट केला तर १.५९ पट. म्हणजे दोन चुका एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. कॅपा आधी रेकॉर्डच्या फूरिये स्पेक्ट्रमच्या उतारावरून ठरवा आणि मग त्याला कुलूप लावा.

२४ फेब्रुवारी

जमिनीचा परिणाम दोनदा धरला गेला होता. रेकॉर्ड संदर्भ खडकाच्या पातळीला आणलेले, आणि सिम्युलेशन स्टेशनच्या व्हीएस३० ला नेलेले. दोघांची तुलना म्हणजे आंबे आणि आमसुले. रेकॉर्ड मूळ ठेवले, सुधारणा फक्त सिम्युलेशनला. अर्धा दिवस.

५ मार्च

सीडची संख्या. एका सीडवर निर्णय घेऊ नका, तोच भूकंप वेगळ्या सीडने एखाद्या स्टेशनला दीडपट देतो. ५० रन घेतले. सरासरी लॉगची घ्यायची. आधी साधी सरासरी घेत होतो, लॉगमधले विचलन ०.५ असेल तर तिने आकडा १३ टक्के फुगतो. रन चालू असताना दोनदा वीज गेली. आता प्रत्येक सीडचा निकाल त्या-त्या वेळी डिस्कवर लिहिला जातो आणि स्क्रिप्ट पुढच्या सीडपासून उचलते.

१४ मार्च

लांब पिरियड. आलेख १० सेकंदांपर्यंत काढत होतो आणि ५ सेकंदांपुढे फरक विचित्र हलत होता. रेकॉर्डवर हाय-पास गाळणी मारलेली असते. तिची फ्रिक्वेन्सी गुणिले १.२५ इतक्याच खालपर्यंत रेकॉर्ड वापरण्याजोगा. ०.२ हर्ट्झची गाळणी असेल तर ०.२५ हर्ट्झ, म्हणजे ४ सेकंदांपुढे त्या रेकॉर्डला काही अर्थ नाही. प्रत्येक स्टेशनची मर्यादा वेगळी, म्हणून प्रत्येक पिरियडला किती स्टेशने उरली तो आकडा आलेखाखाली छापायला लागलो. पिरियड वाढतो तशी ती झरझर कमी होतात.

यातून वाचलेली स्टेशनेही १ ते ३ सेकंदांत एकसारखी वागत नाहीत. नॉर्थरिजची फूट खालून वर, उत्तरेकडे सरकत गेली. सिल्मार आणि रिनाल्डीसारख्या उत्तरेच्या स्टेशनांवर वेगाचा एक मोठा ठोका नोंदला गेला आहे. स्टोकॅस्टिक पद्धतीत तसा ठोका तयारच होत नाही. तिथे फरक धन, दक्षिणेला ऋण. हे दुरुस्त करण्याजोगे नाही, पद्धतीचा स्वभाव आहे.

म्हणून आज निर्णय: या पद्धतीचा निकाल ०.०५ ते १ सेकंद एवढ्यातच वापरायचा. चार-पाच मजली इमारती यात बसतात. जलकुंभातले पाणी हिंदकळण्याचा पिरियड काही सेकंदांचा असतो, तो बाहेर. भरलेल्या टाकीच्या खांबांचा पिरियडही बहुतेक एकाच्या पुढे जातो. जलकुंभाचे काम या फाइलींवर करायचे नाही, त्यासाठी लांब पिरियडला लहरींचे प्रत्यक्ष गणित करणारी संमिश्र पद्धत आणि दख्खनचे वेगळे वेलॉसिटी मॉडेल लागेल. कामाचा निम्मा हेतू इथे गळाला. पण टाकीखाली माणसे राहतात. चुकीची फाइल देण्यापेक्षा फाइल न दिलेली बरी.

२ एप्रिल

कोयना. धरणातल्या उपकरणावर शिखर ०.६३ जी. तिथल्या अंतराला आणि परिमाणाला आमची पद्धत कोणत्या घरात आकडा देते, एवढेच पाहिले. त्या रेकॉर्डमध्ये धरणाचा स्वतःचा हातभार मिसळलेला आहे. तो जुळावा म्हणून एकही आकडा बदलला नाही, बदलायचाही नाही.

१६ एप्रिल

सोलापूरच्या जागेची जमीन. मॅसव चाचणी (घणाच्या ठोक्याच्या पृष्ठलहरी टिपून थरांतला कातर लहरींचा वेग काढणे): ४.५ हर्ट्झचे २४ जिओफोन, २ मीटर अंतरावर, ८ किलोचा घण. दिवसाचे भाडे आणि मजुरी धरून १८,००० रुपये. मॉडेलमध्ये घेतलेले थर: काळी माती ३ मीटर, १५० मीटर प्रति सेकंद. मुरूम ४ मीटर, ३५०. खाली काळा पाषाण, १२००.

व्हीएस३० काढा: ३० भागिले (०.०२०० + ०.०११४ + ०.०१९२), सुमारे ५९३. कागदावर ही जागा घट्ट जमिनीची. पण वरच्या सात मीटरचा स्वतःचा पिरियड ०.१२६ सेकंद, म्हणजे ८ हर्ट्झच्या आसपास, आणि खालचा खडक काळ्या मातीच्या आठपट वेगाचा. तिथे लहर वाढणार. कॅलिफोर्नियाचे व्हीएस३० वरचे सरासरी सूत्र इथे नेमके हेच लपवते, कारण तिथली ५९३ ची जागा सहसा अशी पातळ मऊ थराखाली एकदम कठीण खडक अशी नसते. म्हणून सूत्र काढून टाकले आणि खडकावरचा धक्का थरांच्या गणितातून वर आणला. पाया थेट खडकावर घेणार असाल तर हा परिणाम बहुतांशी टळतो. काळ्या मातीवरच्या जुन्या बांधकामांना तो पूर्ण लागू.

५ मे

किल्लारीचे रन. दिवसा ४२-४३ अंशांत प्रोसेसर तापून वेग कमी करतो, रात्री दहानंतरच लावतो.

कॅलिफोर्नियाचा एकही आकडा ठेवला नाही. जुना कठीण खडक, म्हणून कॅपा कमी, क्यू जास्त. केंद्र अगदी उथळ. किल्लारीजवळ बेसाल्टची जाडी सुमारे ३४० मीटरच आहे, त्याखाली ग्रॅनाइटी पाया. स्ट्रेस ड्रॉप एकच न धरता १०० ते ३०० बार अशी पट्टी घेतली. एवढ्यानेच उच्च फ्रिक्वेन्सीत २.०८ पट फरक पडतो आणि तो कमी करायला आमच्याकडे रेकॉर्ड नाही. अहवालात एक रेघ न छापता पट्टाच छापला.

तीव्रतेच्या नोंदींशी ताडून पाहिले, पण सावधपणे. किल्लारी-सास्तूर भागात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावर माळवदाचे टनावारी ओझे होते. अशी घरे फार मोठ्या त्वरणाशिवायही कोसळतात. पडझडीवरून त्वरण उलटे काढले तर ते वाढीव येण्याची भीती आहे. त्यामुळे हे ताडणे वरची मर्यादा म्हणूनच घेतले. आयएस १८९३ या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर झोन ३, गुणांक ०.१६. आमचे निकाल तो बदलण्यासाठी नाहीत आणि त्याखाली उतरण्यासाठी तर मुळीच नाहीत.

२२ मे

फाइली दिल्या: ०.०५ ते १ सेकंद, दोन स्वतंत्र आडवे घटक, स्ट्रेस ड्रॉपच्या तीन पातळ्या. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत पिरियडची मर्यादा लिहिली आहे, अहवाल वेगळा पडला तरी ती फाइलसोबत राहील. एकूण साडेचार महिने. त्यातला महिनाभर तरी एकके, अक्षांश-रेखांश आणि न भरलेल्या एका आकड्यात गेला.

२९ मे

मॅसव पुन्हा करावी लागणार. एप्रिलमध्ये काळ्या मातीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा होत्या. आठ जिओफोनचे खिळे भेगांच्या कडेला बसले आणि त्यांचे सिग्नल गोंगाटाचे आहेत. वरच्या ३ मीटरचा १५० हा आकडा त्यामुळे डळमळीत, आणि ०.१२६ सेकंदाचा पिरियडही त्यावरच उभा आहे. पुढची चाचणी पाऊस होऊन भेगा मिटल्यावर, दसऱ्याच्या सुमारास. तोवर १२० आणि १८० घेऊन थरांचे गणित दोनदा चालवून ठेवले आहे: पिरियड ०.१४६ आणि ०.११२ सेकंद.